मालक परमेश्वर, वहिवाट आमची

जे काही माझ्यापाशी आहे ते मुळात माझे नव्हे, ते परमेश्वराचे. मी केवळ त्याचा कारभारी. ख्रिस्ती धर्मविचारातील ही भूमिका ऐकायला इतकी नम्र वाटते की तिच्याविरुद्ध काही बोलावे असे सहसा कुणाला वाटत नाही. मालकी सांगणारा माणूस उद्धट दिसतो. मालकी नाकारणारा, आणि तीही देवाच्या चरणी ठेवणारा, आपोआपच सात्त्विक ठरतो. माझी तक्रार नेमकी या आपोआप मिळणाऱ्या सात्त्विकतेविषयी आहे. हे वाक्य अर्धे आहे. त्याचा उरलेला अर्धा भाग हिशेबाचा आहे, आणि गेली दोनेक शतके प्रवचनांतून, देणगीदारांच्या आत्मचरित्रांतून व भांडवलदारांच्या पत्रांतून पद्धतशीरपणे गाळला गेला आहे तो नेमका हाच भाग.

प्रथम शब्दाकडे पाहू. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द 'ओइकोनोमोस' : घराची व्यवस्था पाहणारा, धन्याच्या वतीने नोकरांना शिधा वाटणारा, देणेघेणे सांभाळणारा. अर्थशास्त्राला युरोपीय भाषांत जे नाव आहे ते याच कुळातले. मराठी बायबलने त्यासाठी 'कारभारी' हा शब्द योजला, आणि भाषांतराच्या इतिहासात क्वचितच घडते तसे झाले : भाषांतर मुळापेक्षा अधिक बोलके निघाले. कारण कारभारी म्हणजे काय हे मराठी माणसाला कुणी समजावून सांगावे लागत नाही. १७४९मध्ये शाहू महाराज वारले. पुढच्या वर्षी सांगोल्याला करार झाला, राज्याची सूत्रे पुण्यास गेली आणि छत्रपती साताऱ्यास राहिले. राहिले म्हणजे जवळजवळ नजरकैदेतच. पण म्हणून पेशव्यांनी स्वतःला कधी राजे म्हणवले नाही. नव्या पेशव्यासाठी पेशवाईची वस्त्रे शेवटपर्यंत साताऱ्याहूनच येत. मालकाचे नाव जपून ठेवायचे, त्याच्या नावाची मोहोर चालवायची, त्याच्यापुढे लवून मुजरा करायचा, आणि मुलूख मात्र आपण सांभाळायचा, तो आपल्या मुलाला द्यायचा आणि त्याने त्याच्या मुलाला. मालकी बळकावण्याचा सर्वांत सुरक्षित मार्ग मालकी नाकारण्यातून जातो, हे आपल्या इतिहासाने एकदा सोदाहरण शिकवलेले आहे. साताऱ्याचा धनी निदान अधूनमधून कुरकुर करू शकत होता. स्वर्गातल्या धन्याची तीही अडचण नाही.

हा केवळ शब्दच्छल आहे असे कुणी म्हणू नये, म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण थोड्या विस्ताराने देतो. १९०२च्या मे महिन्यात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या दगडी कोळशाच्या खाणींत मोठा संप झाला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. मागण्या अगदी साध्या होत्या : मजुरीत वाढ, कामाचे तास कमी, काढलेल्या कोळशाचे वजन प्रामाणिकपणे, आणि संघटनेला मान्यता. त्या काळी या खाणींच्या कोळसा फोडण्याच्या कारखान्यांत लहान मुले ओळीने बसवून त्यांच्याकडून दगड आणि कोळसा निवडून घेत. संप दोन महिने चालला असता विल्क्स-बॅर या गावातील एका नागरिकाने रेल्वे आणि खाणींचे मोठे सूत्रधार जॉर्ज बेअर यांना पत्र लिहून, ख्रिस्ती माणूस या नात्याने आपण तडजोड करावी, अशी विनंती केली. बेअर यांनी १७ जुलै रोजी उत्तर धाडले. त्याचा आशय असा की, कामगारांच्या हक्कांची आणि हिताची काळजी कामगार चळवळीतले लोक घेणार नाहीत. ती घेतील ती ख्रिस्ती माणसे, ज्यांच्या हाती परमेश्वराने आपल्या अगाध ज्ञानाने या देशातील मालमत्तेचा ताबा सोपवला आहे.

पत्र वृत्तपत्रांत छापून आले आणि गदारोळ उडाला. राजांचा दैवी अधिकार गेला, आता खाणमालकांचा आला काय, अशी थट्टा झाली. आजही हे पत्र उद्दामपणाचा नमुना म्हणून सांगितले जाते. मला मात्र त्या थट्टेत एक सोयीस्कर पळवाट दिसते. बेअर यांनी कोणती पाखंडी गोष्ट सांगितली होती? मालमत्ता देवाची आहे; ती त्याने काही माणसांकडे सोपवली आहे; ती माणसे तिचा वापर दुर्बलांच्या हितासाठी करतील. दर रविवारी देवळा-देवळांतून जे सांगितले जात होते, आणि आजही जाते, त्याहून यात एक अक्षर वेगळे नाही. बेअर यांचा दोष एवढाच की त्यांनी ते संपाच्या दिवसांत सांगितले. त्याच ऑक्टोबरच्या ३ तारखेला अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी दोन्ही पक्षांना वॉशिंग्टनला बोलावले, तेव्हा या देवनियुक्त कारभाऱ्यांनी कामगारांचे पुढारी जॉन मिचेल यांच्याशी बोलणी करायला साफ नकार दिला. पुढे आयोग नेमला गेला, साक्षी झाल्या, आणि १९०३च्या मार्चमध्ये कामगारांना दहा टक्के वाढ आणि बऱ्याच जणांना नऊ तासांचा दिवस मिळाला. संघटनेला मान्यता मिळाली नाहीच. पण जे मिळाले ते कारभाऱ्यांच्या सद्‌सद्विवेकातून मिळाले नाही. संपातून आणि सरकारी दडपणातून मिळाले.

अँड्र्यू कार्नेगी यांचे नाव येथे घेतलेच पाहिजे, जरी त्यांची श्रद्धा चर्चच्या चौकटीत बसणारी नव्हती. १८८९मध्ये त्यांनी श्रीमंत माणूस हा गरीब बांधवांचा विश्वस्त आहे असा सिद्धांत मांडला. तीनच वर्षांनी, ६ जुलै १८९२ला, त्यांच्या होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात मजुरीकपातीच्या वादातून खासगी पहारेकऱ्यांच्या पलटणीशी कामगारांची लढाई होऊन दोन्ही बाजूंची माणसे मेली. विश्वस्त त्या वेळी स्कॉटलंडात होते. नंतर त्यांनी जगभर अडीच हजारांच्या आसपास ग्रंथालये बांधून दिली. ग्रंथालयांविषयी माझ्यासारख्या मास्तरने वाईट बोलणे शोभत नाही. परंतु ज्याला बारा तास भट्टीपुढे उभे राहावे लागते त्याने त्या ग्रंथालयात जायचे केव्हा, हा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला होता. कारभाराचा हा सिद्धांत नेहमी खर्चाच्या बाजूने बोलतो. जमेच्या बाजूला, म्हणजे पैसा आला कसा, याविषयी तो मौन पाळतो.

आता ज्या ग्रंथाच्या आधारे हे सारे चालते त्याकडे वळू. भूमी माझी आहे, तुम्ही येथे केवळ उपरे आणि पाहुणे आहात, असे परमेश्वर इस्राएलास बजावतो ते स्थळ म्हणजे लेवीय या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय, तेविसावे वचन. कारभारीपणाच्या प्रत्येक प्रवचनात ते येते. पण ते वचन भावगीत म्हणून आलेले नाही. ते एका कायद्याचे कारण म्हणून आले आहे, आणि कायदा त्याच वचनात, कारणाच्या आधी, स्पष्ट सांगितला आहे : म्हणून जमीन कायमची विकता येणार नाही. दर पन्नासाव्या वर्षी, म्हणजे योबेल वर्षी, विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत गेली पाहिजे. त्यामुळे विक्रीची किंमतही पुढच्या योबेलपर्यंत किती पिके निघणार यावरून ठरवायची. म्हणजे विकला जातो तो पिकांचा आकडा, जमीन नव्हे. मधल्या काळात विकणाऱ्याच्या नातेवाइकाला ती सोडवून घेण्याचा हक्क आहे. गरीब झालेल्या भावाकडून व्याज घ्यायचे नाही. तटबंदीच्या शहरातील घराला मात्र सवलत : ते वर्षभरात सोडवले नाही तर कायमचे खरेदीदाराचे. इतका बारकावा! हे लिहिणाऱ्याला मालमत्ता म्हणजे काय, ती हातातून कशी निसटते आणि एकदा निसटली की परत का येत नाही, याची पुरेपूर जाण होती. आणि एकोणिसाव्या अध्यायात शेताच्या कडेचे पीक कापायचे नाही, गळलेले कणीस वेचायचे नाही, ते गरिबाचे आणि परक्याचे, असा जो नियम आहे तोही याच जातीचा. तेथे शेतकऱ्याने उदार व्हावे अशी विनंती नाही. कडेचे पीक त्याचे नाहीच.

योबेल प्रत्यक्षात किती पाळला गेला याविषयी अभ्यासकांत वाद आहेत, आणि त्याच अध्यायात परदेशी गुलाम पिढ्यानपिढ्या बाळगण्याची मुभाही आहे, हे लपवण्याचे कारण नाही. मी त्या कायद्याला आदर्श म्हणत नाही. माझे म्हणणे इतकेच की 'भूमी देवाची' या विधानातून त्याच्या मूळ लेखकाने मालकाच्या हक्काला मुदत घातली, सावकाराचा हात बांधला आणि भूमिहीनाला परतीचा रस्ता दिला. आपल्या काळातील प्रवचनकार त्याच विधानातून मालकाला मनःशांती देतो. कारण तेवढे उचलले आणि कायदा टाकून दिला.

लूकच्या सोळाव्या अध्यायातील दृष्टान्ताची तर याहून गंमत आहे. कारभारी हा शब्द ज्या कथेत सर्वांत ठळकपणे येतो ती हीच. धनी कारभाऱ्याला बोलावून हिशेब दे म्हणतो आणि कामावरून दूर करायचे ठरवतो. कारभारी काय करतो? धन्याच्या ऋणकोंना एकेक करून बोलावतो आणि कर्जखते बदलून घेतो. शंभर माप तेलाचे पन्नास, शंभर माप गव्हाचे ऐंशी. आणि धनी त्याची पाठ थोपटतो! शतकानुशतके टीकाकार या कथेपुढे अडखळत आले आहेत, अप्रामाणिकपणाची स्तुती कशी काय, म्हणून. स्तुती अप्रामाणिकपणाची नसून दूरदृष्टीची आहे, हा त्यावरचा नेहमीचा उतारा. तो मला पटत नाही असे नाही. पण एक साधी गोष्ट तशीच उरते. कारभारीपणाच्या या मुख्य कथेत कारभाऱ्याच्या हातून एकच कौतुकास्पद कृत्य होते, आणि ते म्हणजे ऋणकोंचे ओझे कमी करणे. १८७५मध्ये सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, त्या प्रदेशात राहणाऱ्या वाचकाला हा दृष्टान्त समजायला फारसे अवघड जाऊ नये. देणग्या वाढवण्याच्या मोहिमांतून मात्र या कथेला सहसा बगल दिली जाते. तेथे त्यापेक्षा मत्तयातील रुपये गुंतवून दुप्पट करणारे दास अधिक लोकप्रिय.

दशमांशाचे गणितही पाहण्याजोगे आहे. सिद्धांत सांगतो, शंभर टक्के देवाचे. मागणी असते दहा टक्क्यांची. दहा दिले की उरलेल्या नव्वदांवर धर्माचा शिक्का उमटतो आणि ते पूर्वीपेक्षा अधिक निर्धास्तपणे आपले होतात. हा प्रामाणिक धर्मोपदेशकांना दिसत नव्हता असे नाही. जॉन वेस्ली यांनी १७६०मध्ये छापलेल्या पैशाच्या विनियोगावरील प्रवचनात तीन नियम घालून दिले : होईल तितके मिळवा, होईल तितके वाचवा, होईल तितके द्या. पहिला नियम वाचून कुणी हुरळून जाऊ नये, कारण त्यालाच त्यांनी सर्वांत जास्त अटी लावल्या आहेत. स्वतःचे किंवा दुसऱ्याचे आरोग्य नासवून मिळवायचे नाही, शेजाऱ्याचा धंदा बुडवून नाही, गहाणवटीच्या भरमसाट व्याजातून नाही, दारू विकून नाही. आयुष्याच्या अखेरीस, १७८९च्या सुमारास, आपल्या अनुयायांनी पहिले दोन नियम उचलले आणि तिसरा विसरले, अशी खंत त्यांनी जाहीरपणे व्यक्त केली. अटींचे काय झाले, हे त्यांनी विचारले असते तर खंत अधिक वाढली असती.

चर्चच्या परंपरेत याहून कडक आवाज नाहीत असे कुणी समजू नये. चौथ्या शतकात कप्पदुकियात दुष्काळ पडला असता सीझरियाच्या बेसिल यांनी श्रीमंतांना सुनावले की, तुमच्या कोठारातील भाकर भुकेल्याची आहे आणि पेटीतले वस्त्र उघड्याचे आहे. दान करा असे ते म्हणत नाहीत. परत करा म्हणतात. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी निर्वाणीच्या गरजेत दुसऱ्याचे घेणे ही चोरी नव्हे असा निर्वाळा दिला. १८९१च्या पत्रात तेरावे लिओ यांनी खासगी मालमत्तेचा हक्क ठामपणे राखला, तर १९६७मध्ये सहावे पॉल यांनी तो हक्क निरपेक्ष नाही असे तितक्याच ठामपणे सांगितले. म्हणजे सामग्रीची वाण नाही. निवड चुकते, आणि ती नेहमी एकाच दिशेने चुकते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, बाहेरच्या माणसाने दुसऱ्याच्या धर्मात नाक का खुपसावे. त्याला उत्तर असे की हा सिद्धांत आता एका धर्माचा राहिलेला नाही. गांधीजींनी विश्वस्ताची कल्पना गीतेतील अपरिग्रहाशी आणि विलायतेत अभ्यासलेल्या स्नेलच्या कायदेग्रंथाशी जोडून घेतली, हे त्यांनीच आत्मकथेत नोंदवले आहे. विनोबांनी १९५१मध्ये पोचमपल्लीला आरंभलेल्या भूदानामागे सगळी भूमी गोपाळाची हीच घोषणा होती, आणि पदरात पडलेल्या लक्षावधी एकरांपैकी बरीच जमीन कसण्याच्या लायकीची नव्हती किंवा वादात अडकलेली होती, हेही सर्वश्रुत आहे. गोपाळाला देताना माणूस कोणती जमीन देतो! डॉ. आंबेडकरांनी १९४५मध्ये काँग्रेस आणि गांधीजींवरील ग्रंथात विश्वस्त-कल्पनेची जी संभावना केली ती आजही वाचण्यासारखी आहे. मालकवर्ग आपण होऊन आपल्या हिताविरुद्ध वागेल या गृहीतकालाच त्यांनी हात घातला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सक्तीने दिलेले ते दान नव्हे. कायद्याने वाटणी होईल, पण देणाऱ्याचे मन बदलणार नाही, आणि धर्माला मनाशी कर्तव्य आहे. हे खरे आहे. पण ज्याचे मन बदलले त्याच्याच हातून कारभार नीट होतो काय? येथे मला रेव्हरंड टिळकांची आठवण होते. नारायण वामन टिळकांइतका निःसंग माणूस मराठी ख्रिस्ती समाजात विरळा. पैसा त्यांच्या हाती टिकत नसे, दारी आलेल्याला विन्मुख धाडणे त्यांना ठाऊक नव्हते. १९१७मध्ये मिशनच्या नोकरीची सुरक्षितताही त्यांनी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभा केला. जे आहे ते देवाचे, हे त्यांनी खरोखर जगून दाखवले, त्यात दंभाचा लवलेश नव्हता. परंतु वर्गात 'स्मृतिचित्रे' शिकवताना दरवर्षी कुणीतरी मुलगी विचारतेच, की मग घर कोण चालवत होते? १९३४पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकाचे उत्तर पानोपानी आहे, आणि लक्ष्मीबाईंच्या हसऱ्या लेखणीमुळे ते आरोपासारखे ऐकू येत नाही एवढेच. देवाच्या मालमत्तेत पत्नीची संमती गृहीत धरलेली होती. खेड्यात बायका नवऱ्याला 'कारभारी' म्हणतात, त्या शब्दातली सारी व्यवस्था येथे दिसते : देण्याचा निर्णय त्यांचा, उणे पडले की भरून काढणे हिचे. टिळकांसारख्या निर्मळ माणसाच्या बाबतीतही ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना विचारण्याची सोय या सिद्धांतात नाही, तर बेअर यांच्याकडून ती कशी अपेक्षावी?

उलट पंडिता रमाबाईंचे पाहा. १८८७मध्ये बॉस्टनला त्यांच्या कामासाठी मंडळ स्थापन झाले, त्याची वार्षिक प्रतिवृत्ते निघत. इकडे रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांचे सल्लागार मंडळ होते. १८९३मध्ये धर्मांतराच्या वादावरून या मंडळींनी राजीनामे दिले. त्या वादात कोण बरोबर होते हा वेगळा विषय आहे, आणि माझे मत रमाबाईंच्या बाजूचे आहे. पण देवाची म्हणून चालवलेल्या संस्थेला माणसांनी प्रश्न विचारले, तिने उत्तरे दिली, आणि तरी ती टिकली. हिशेब मागितल्याने श्रद्धेला बाध येतो या समजुतीला शारदासदन आणि केडगावचे मुक्तिसदन हे पुरेसे उत्तर आहे.

आपल्या कायद्याला हे कोडे नवे नाही. हिंदू देवता ही कायद्याच्या दृष्टीने मालमत्ता धारण करू शकणारी व्यक्ती आहे, आणि देवस्थानाच्या जमिनी पुजाऱ्यांच्या व वहिवाटदारांच्या घशात कशा जातात याचा अनुभव गावोगावी आहे. म्हणूनच ६ सप्टेंबर २०२१ रोजी मध्य प्रदेशातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, पुजारी हा व्यवस्थापक आहे. महसुली कागदात मालकाच्या रकान्यात देवतेचेच नाव राहील. देव मालक आहे हे येथे शब्दशः मानले गेले, आणि ते कारभाऱ्याला आवर घालण्यासाठी मानले गेले. आपल्याकडील १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याचा आत्माही हाच : संस्था कोणत्याही धर्माची असो, जमाखर्च तपासून घ्यायचा, आणि स्थावर विकायचे तर आधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी.

केरळात न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००९मध्ये चर्चच्या मालमत्तेसाठी अशाच धर्तीचे विधेयक सुचवले. ते पुढे सरकले नाही. २०१९मध्ये न्या. के. टी. थॉमस यांच्या आयोगाने नवा मसुदा पुढे आणला, त्यात मालमत्तेच्या तक्रारींसाठी न्यायाधिकरणाची तरतूद होती. चर्चच्या नेतृत्वाकडून कडवा विरोध झाला आणि सरकारने माघार घेतली. अंतर्गत व्यवस्था पुरेशी आहे, बाहेरच्याने लक्ष घालू नये, आणि अनुच्छेद २६ने आमची मालमत्ता आम्हीच सांभाळण्याचा हक्क आम्हाला दिला आहे, असा त्या विरोधाचा सूर होता. अनुच्छेद २६मधील संबंधित उपकलमात ही मालमत्ता कायद्यानुसार चालवावी असे म्हटले आहे. तो 'कायद्यानुसार' हा शब्द त्या सुरात फारसा ऐकू आला नाही. 'आमची मालमत्ता' हे दोन शब्द मात्र स्वच्छ ऐकू आले.